मावशीची कपाटं आणि फुलवाल्याच्या बादल्या

माझ्या मावशीला कुठे फट दिसली की चैन पडत नाही. कोणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी गप्पा मारता मारता तिचं बोट खिडकीच्या चौकटीवरून फिरत असतं, आणि वारा नेमका कुठून येतोय ते सापडलं की हरवलेला डूल मिळाल्यासारखा तिचा चेहरा उजळतो. या घरात एकच फट तिला अजून बुजवता आलेली नाही, असं काका म्हणतात आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवतात.

हे वेड धंद्यातून आलेलं. मावशीची सगळी उमेदीची वर्षं फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात गेली. मालक मशीन उघडायचा, गॅस भरायचा. दाराभोवतीची रबराची पट्टी बदलायचं काम मावशीचं. तडकलेली पट्टी ओढून काढायची, खाच पुसायची, नवी पट्टी गरम पाण्यात मऊ करायची आणि अंगठ्याने दाबत चारी कोपरे फिरून यायचं. शेवटी दारात कागदाचा कपटा धरून दार लावायचं आणि तो कपटा ओढून बघायचा. अलगद सुटला तर पट्टी पुन्हा काढायची. मावशीने लावलेल्या दारातून कागद सुटत नसे, फाटत असे. गिऱ्हाईक ‘आत पाणी साचतंय हो’ म्हणत आलं, की मावशी मशीनकडे बघायचीसुद्धा नाही. पाणी म्हणजे पट्टी सैल. बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं, आणि त्यामुळे हा हिशेब तिच्या हाडात मुरला होता.

पुढे लोक फ्रिज दुरुस्त करायचे सोडून नवेच घ्यायला लागले आणि दुकान बंद पडलं. घरी बसलेल्या मावशीने आधी स्वतःच्या खिडक्या केल्या, मग आमच्या, मग जिन्यातल्या शेजाऱ्यांच्या. एका सकाळी काकांना न्हाणीघराचं दार आतून उघडेना, इतकं ते घट्ट बसलं होतं. बाहेर आल्यावर, हिला कुठेतरी कामाला लावा, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. त्यातूनच पार्सलच्या कपाटांचं काम आलं.

ही कपाटं आता सगळीकडे दिसतात. पत्र्याची, रंगवलेली, भिंतीला पाठ लावून उभी, आणि अंगावर लहानमोठ्या खणांची दारं. पार्सलवाला खणात पार्सल ठेवून जातो, ज्याचं असेल त्याच्या फोनवर आकडे येतात, ते दाबले की त्याच्याच खणाचं दार टक् करून उघडतं. मध्ये माणूस लागत नाही. मावशीच्या मते गोची तिथेच होती. माणूस नाही म्हटल्यावर बाकी सगळ्यांना रान मोकळं. ऊन आणि पाऊस तर येणारच. धूळ आत जाऊन कुलूप जाम करते. कोणीतरी आकड्यांच्या बटणांवर च्युइंगम चिकटवतं. एका खणात मधाची बाटली फुटली, तर मुंग्यांची रांग पार रस्त्याच्या पलीकडून आली. आणि अधूनमधून एखादा हौशी दाराच्या कडेत स्क्रूड्रायव्हर घालून नशीब अजमावून जातो. त्याचे ओरखडे मावशी दुरूनच ओळखते. बिजागरीकडून प्रयत्न केला असेल तर तिला हसू येतं, कुलपाकडून केला असेल तर ती गप्प होते.

कंपनीने तिला सांगितलेलं काम साधं होतं. सकाळी आपल्या वाट्याची कपाटं फिरून यायची, पुसायची, दारं तपासायची आणि काही वावगं दिसलं तर साहेबांना फोटो पाठवायचा. साहेब म्हणजे स्कूटरवरून फिरणारा, मावशीच्या मुलाच्या वयाचा एक उत्साही गडी. ती त्याला साहेब म्हणायची, तो तिला मावशी म्हणायचा, आणि दोघांनाही त्यात काही खटकत नव्हतं.

पण नुसतं पुसून मावशीचं समाधान कसं व्हायचं? चौकातलं, औषधाच्या दुकानाच्या भिंतीला लागून असलेलं कपाट तिचं विशेष लाडकं. येता-जाता सगळ्यांच्या नजरेत भरणारं. त्याच्या प्रत्येक दाराला चहूबाजूंनी बोटभर फट होती, हे तिने पहिल्याच दिवशी बोट फिरवून पाहिलं. साहेबांना विचारून तिने घरची उरलेली पट्टी आणली आणि एकेक दार फ्रिजसारखं करून टाकलं. पाऊस थांबला, धूळ थांबली, आणि पट्टीखाली तिने पत्र्याची पातळ कड बसवल्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक शिरायलाही जागा राहिली नाही. राहता राहिल्या मुंग्या. प्रत्येक खणाच्या तळाशी कारखान्यानेच ठेवलेली बारीक भोकांची एक रांग होती. एवढं मोठं कपाट बनवायचं आणि तळाला भोकं ठेवायची, म्हणजे कमाल आहे, असं म्हणत मावशीने तीही सिलिकॉनने भरली. खणाच्या वरच्या बाजूला पट्टीसारखी जाळी होती, तीही सोडली नाही. मग कागदाचे कपटे घेऊन सगळी दारं तपासली. सगळे फाटले.

साहेब बेहद्द खूश झाला. फोडाफोडीच्या तक्रारी या एका कपाटापुरत्या बंद झाल्याचं त्याने वर कळवलं. वरून निरोप आला, की इतर कपाटं सांभाळणाऱ्या सगळ्यांना बोलवा आणि मावशींकडून हे शिकवून घ्या. शहरभर असंच करायचं. मावशी त्या दिवशी घरी आली ती जमिनीपासून वीतभर वरूनच. काकांनी विचारलं, आता आमच्याशी बोलायला वेळ मिळेल ना? ती म्हणाली, बघू.

नेमकं तेव्हाच, हिवाळ्याच्या तोंडावर, लाडक्या कपाटातली पार्सलं ओली निघू लागली.

चिंब भिजलेली नाहीत, ओलसर. खोक्याचं झाकण मऊ पडलेलं, पत्त्याचा कागद सुटलेला. एका बाईंच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली, एका पेन्शनर आजोबांच्या कानाच्या यंत्राची डबी बाहेरून दमट निघाली आणि आजोबांनी साहेबाला फोनवर जे ऐकवलं ते ऐकायला यंत्र लागलं नाही. मावशीने पट्टी तपासली. तिला घट्टच वाटली, तरी तिने आणखी एक थर दिला. पार्सलं जास्तच ओली झाली. तिने वर सिलिकॉन मारलं. तरी तेच. आता पाणी बाहेरून येतंय म्हटल्यावर ते आणणारा कोणीतरी हवा, आणि तो कपाटाला खेटूनच उभा होता.

फुलवाल्याची हातगाडी त्या कोपऱ्यावर कपाटाच्याही आधीपासूनची. गुलाब, शेवंती, लिली, आणि गाडीखाली बादल्याच बादल्या. दिवसभर तो फुलांवर पाणी शिंपडायचा, संध्याकाळी उरलेलं पाणी भिरकावून द्यायचा आणि मग कोपरा झाडून घ्यायचा. औषधाच्या दुकानाच्या मालकाने जागा त्याला तोंडी दिली होती, कागद वगैरे काही नाही. मावशीचं आणि त्याचं बरं चालायचं. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला भाऊ. तिचा डबा तो सावलीत ठेवायचा, आणि तिच्या माघारी कपाटाशी कोणी जास्त वेळ झटापट करताना दिसलं तर खाकरायचा. त्याचं खाकरणं असं होतं, की आपल्याच पार्सलचे आकडे विसरलेली माणसंही दचकून घरी जायची.

एका संध्याकाळी त्याने बादली उपडी केली आणि पाण्याचा ओघळ कपाटाच्या पायाशी गेला. मावशीने फोटो काढला आणि साहेबाला पाठवला. तिचं कामच होतं ते. साहेबाने तो दुकानमालकाला दाखवला, मालकाला कपाटाचं भाडं मिळत होतं आणि फुलांचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी फुलवाल्याला सांगण्यात आलं की गाडी मागच्या गल्लीत लावा. चौकशी होईल, साहेब आठवड्याने येऊन बघतील, पार्सलं कोरडी निघाली तर मग तिकडेच राहा.

मागच्या गल्लीत कचऱ्याचे डबे आहेत आणि एका गोदामाचं कायम बंद असलेलं दार. तिथे फुलं घ्यायला कोण येणार? गाडी ढकलत नेताना फुलवाला मावशीपाशी थांबला. चिडलेला नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

“ताई, फोटो काढायच्या आधी मला एक हाक मारली असती, तर मी बादल्या हलवल्या असत्या की नाही?”

“हलवल्या असत्या,” मावशी म्हणाली.

“हं,” तो म्हणाला, आणि गेला.

मावशी मला सांगत होती, की तो काही टाकून बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं, तीही दोन शब्द बोलली असती आणि मोकळी झाली असती. त्या ‘हं’चं मात्र काय करायचं ते तिला कळेना. घरी येऊन तिने भांडी घासली, ती आधीच घासलेली होती.

त्यानंतर कपाटाशेजारी पाण्याचा एक थेंबही सांडला नाही. आभाळ कोरडं, कोपरा कोरडा, आणि पार्सलं ओली.

मावशीने मग दुकानातली जुनी रीत काढली. संध्याकाळी एक रिकामा खण आतून कोरड्या फडक्याने पुसला, त्यात स्वतःच्या चपलांचं रिकामं खोकं ठेवलं आणि दार लावलं. सकाळी पार्सलवाला यायच्या आत ती तिथे हजर. हवेत चांगला गारठा होता. दार उघडलं, तर तळ कोरडा, कडा कोरड्या, कुठून ओघळ आल्याची खूण नाही, आणि खोक्याचं झाकण मात्र लिबलिबीत. तिने हात आत घातला आणि सहज वर छताला लावला. हात ओला झाला. वाकून बघितलं तर छताच्या पत्र्यावर दहिवर पडलं होतं, गवतावर पडावं तसं, थेंबाशेजारी थेंब.

ती किती वेळ तशीच वाकून राहिली कोण जाणे. कपाट दिवसभर उन्हात तापत होतं. आतली हवा, खोक्यांची ओल, सगळं आतच. पहाटे पत्रा गार पडला की त्या हवेला घाम फुटत होता, आणि तो जायला वाट नव्हती. तळाला नाही, वरही नाही. कारखान्याने ठेवलेली वाट मावशीने सिलिकॉन भरून बंद केली होती आणि वर कागद ओढून खात्रीही करून घेतली होती. फ्रिजमध्ये हवा सतत गार करणारं मशीन असतं. इथे मशीन नव्हतं, इथे नुसता डबा होता. आयुष्यभर तिने ओल दिसली की फट शोधली होती. फट नसल्यामुळेही ओल येते, हे तिच्या डोक्यात शिरायलासुद्धा जागा नव्हती.

काकांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. म्हणाले, म्हणजे न्हाणीघरात त्या दिवशी माझं जे झालं तेच पार्सलांचं होतंय. मग तिच्याकडे बघून हसायचे थांबले.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“तुम्हाला आणि मला.”

“मग भोकं मोकळी कर आणि गप्प राहा. पार्सलं कोरडी होतील, तुझं शिकवणं होईल, विषय संपला.”

“पार्सलं कोरडी झाली की साहेब काय म्हणेल?” मावशीने विचारलं. “फुलवाला गेला म्हणून झाली. आता तो कायमचा तिकडे.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले की बरोबर आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आता आलंय तर काढताही येत नाही.

मावशी त्याच दिवशी मागच्या गल्लीत गेली. फुलवाला गाडीवर कोपर टेकून बसला होता, शेवंती माना टाकून. तिने सगळं सांगितलं, पट्टीपासून दहिवरापर्यंत. त्याने मध्येच अडवून विचारलं की म्हणजे माझं पाणी आत गेलंच नाही? ती म्हणाली, एक थेंब नाही. मी केलेल्या दारातून पाणी जाईल कसं? हे बोलताना तिच्या आवाजात नको तेवढा अभिमान आला, हे तिचं तिलाच जाणवलं आणि ती ओशाळली. तो मात्र पहिल्यांदा किंचित हसला. उद्या साहेब येतोय, सगळ्यांना शिकवायचंय, तुम्हीही या, एक भरलेली बादली घेऊन, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, बघतो, गिऱ्हाइकांची गर्दी नसली तर. गल्लीत दूरवर एक मांजर सोडून कोणी नव्हतं.

संध्याकाळी मावशीने शेजारचे दोन रिकामे खण घेतले. एकाची तळाची भोकं आणि वरची जाळी मोकळी केली. भोकांवर मुंगी शिरणार नाही अशी बारीक तारेची जाळी ठोकली, कडेची पट्टी आणि पत्रा तसाच ठेवला. दुसऱ्या खणाला हात लावला नाही. दोन्हीत कोरडी खोकी ठेवली आणि घरी गेली. त्या रात्री ती घोरली नाही, त्यामुळे मला झोप लागली नाही, असं काका नंतर सांगत होते.

सकाळी साहेब आला, शहरभरातून कपाटं सांभाळणारी माणसं आली. साहेबाने मावशीची ओळख करून दिली, जरा जास्तच कौतुकाने. कोणी हातात पट्टीचं वेटोळं घेऊन आलं होतं, एकीने तर वहाणा काढून पदर खोचला होता, एवढी तयारी. फुलवाला मागे, एक भरलेली बादली पायाशी ठेवून, हाताची घडी घालून उभा. साहेबाने त्याला पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

“मावशी, दाखवा सगळ्यांना,” तो म्हणाला.

मावशीने आदल्या संध्याकाळी मोकळा केलेला खण उघडला. खोकं काढून हातोहात फिरवलं. कोरडं. मग दुसरा उघडला आणि साहेबाला म्हणाली, आत हात घाला, वर लावा. त्याने लावला. बाहेर काढलेला हात तो बराच वेळ बघत होता.

“हे पाणी फुलवाल्याचं नाही, माझं आहे,” मावशी म्हणाली. “मी हवेची वाट बंद केली. जेवढं बुजवत गेले तेवढं वाढलं. तो फोटो मी पाठवला ती माझी घाई झाली. हे असं शहरभर करू नका, सगळी पार्सलं सडतील.”

 पट्टीचं वेटोळं आणलेल्या माणसाने ते हळूच पिशवीत टाकलं. साहेबाचा चेहरा पडला, कारण वर काय कळवायचं ते त्याला आत्ताच दिसत होतं. पण गडी मनाने बरा. थोड्या वेळाने त्याने विचारलं, की भोकं मोकळी केली, ठीक, पण मग शेजारून पाणी आलं तर आत जाणार नाही कशावरून?

“त्यासाठीच त्यांना बोलावलंय,” मावशी म्हणाली. “त्यांच्याएवढा पाणी मारायचा सराव इथे कोणाला नाही.”

फुलवाल्याने सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. भोकं तळाच्या दुमडलेल्या कडेआड होती, वरची जाळीही तशाच कडेखाली, आणि पट्टी चारी बाजूंनी शाबूत होती. पहिली बादली त्याने मोकळ्या केलेल्या खणावर जपून मारली. मावशीने दार उघडून दाखवलं, आत कोरडं. मग दुकानाच्या नळावरून त्याने ती पुन्हा भरून आणली, आणि या वेळी आठवडाभराचं सगळं त्या बादलीत घातलं. पाणी पत्र्यावर आपटून उडालं ते साहेबाच्या बुटांपर्यंत. आत कोरडं. लोक हसायला लागले.

“साहेब, अजून एक मारू? खात्री झालेली बरी,” फुलवाला अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

साहेबाने हात वर करून पुरे म्हटलं आणि बूट झटकत औषधाच्या दुकानात शिरला. काचेतून तो मालकाशी बोलताना दिसत होता. बाहेर सगळे उगाच इकडेतिकडे बघत उभे. मालकाने एकदा मान हलवली, एकदा खांदे उडवले, मग गल्ल्यामागून बाहेर आला आणि दारातूनच फुलवाल्याला म्हणाला, लाव बाबा गाडी, पण उरलेलं पाणी झाडाला घाल.

शिकवणं मग वेगळंच झालं. कड कशी बसवायची, पट्टी कुठे लावायची, कुठे लावायची नाही, जाळी केवढी बारीक हवी. मावशीने बुजवलेले बाकीचे खण तिलाच पुन्हा मोकळे करायचे होते, आणि स्वतः भरलेलं सिलिकॉन टोकदार चाकूने उकरताना तिच्या जिवाला काय वाटलं असेल ते तीच जाणे. ‘चांगलं बसलं होतं हो,’ एवढंच ती पुटपुटली.

माणसं पांगल्यावर तिने फुलवाल्याला विचारलं, गाडी आणायला कधी जाऊ या? त्याने हनुवटीने वळणाकडे दाखवलं. गाडी तिथेच, औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभी होती, ताज्या गुलाबांनी भरलेली. तो सकाळीच घेऊन आला होता.

“आणि आज काही झालं नसतं तर?” मावशीने विचारलं.

“तर परत ढकलत नेली असती,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणालात उद्या या, म्हणून आलो.”

 मावशीने एका बाजूने गाडीला हात लावला. हळू, डावीकडचं चाक जरा रुसतं, असं तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून गाडी कोपऱ्याकडे वळवली.